ड्रमवर ‘खाली’ लिहिलं होतं

माझ्या नोकरीतल्या सगळ्यात वाईट प्रसंगाचा विनोद झालेला आहे, हे मला तलासरीच्या एका सभागृहात कळलं. कारखान्यांच्या सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम होता. निवृत्त मंडळींना अशा वेळी पुढच्या रांगेत बसवतात, पुष्पगुच्छ देतात आणि बोलायला मात्र सांगत नाहीत. व्याख्याता मुंबईहून आलेला, तरुण, शर्टाला छोटा माइक लावलेला. सुरुवातीलाच म्हणाला, एक किस्सा सांगतो. इथल्याच एका कंपनीत सुपरवायझरनं ड्रमवर खडूनं लिहिलं, ‘खाली’. म्हणजे रिकामा. आणि आमच्या अडाणी आदिवासी कामगारानं ते वाचून ड्रम उचलला आणि नेऊन ठेवला खालच्या मजल्यावर!

सभागृह हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थसुद्धा हसले आणि मला कोपरानं हलकेच ढोसून म्हणाले, भारी आहे ना? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कंपनी माझी होती. प्रयोगशाळेची प्रमुख मी होते. तो कामगार अडाणी नव्हता, सातवी शिकलेला होता, आणि त्याला नाव आहे. नवसू, राहणार कैनाड, तालुका डहाणू.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला. दिवाळीसाठी काहीतरी हलकंफुलकं द्या म्हणाले, रसायनांच्या गमतीजमती वगैरे. गमती आहेत माझ्याकडे, एखादी सांगेनही. पण हा लेख हलका होणार नाही, हे त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं.

मी मूळची वाणगावची, लग्नानंतर डहाणूची. डहाणू तालुक्यात कारखान्यांवर बंधनं असल्यामुळे माझी सगळी नोकरी तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या वेशीजवळ झाली. कंपनी छोटी. औषध कंपन्यांना लागणारे कच्चे पदार्थ आम्ही बनवायचो, आणि त्यातही आमची खासियत होती अझाइड. डहाणूच्या बाजारात मासे घेताना बायका विचारायच्या, तुम्ही नक्की काय करता हो? मी म्हणायची, मी एका चिडक्या पदार्थाला हळूहळू शांत करते. त्यांना वाटायचं मी नवऱ्याबद्दल बोलते आहे.

अझाइड म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. एखाद्या कार्बनी रेणूला नायट्रोजनचे तीन अणू एका ओळीत, शेपटीसारखे जोडलेले असतात. त्या तिघांतल्या दोघांना कायम निघून जायचं असतं. हवेत जो नायट्रोजन वायू आहे, तोच व्हायचं असतं त्यांना. जरा ऊब मिळाली, कुणी ढकललं, की ते दोघं वायू होऊन सुटतात आणि तिसरा एकटा मागे राहतो. या मागे राहिलेल्याला नायट्रीन म्हणतात. तो भुकेला असतो, आणि जे जवळ सापडेल त्याला धरतो. माझी सगळी कारकीर्द या दोन प्रश्नांत गेली: ते दोघं किती वेगानं जातील, आणि मागे राहिलेला कुणाला धरेल.

याची उत्तरं पदार्थात नसतात, त्याच्या सोबतीत असतात. नुसतं तापवलं तर अझाइड आपल्या मर्जीनं फुटतं आणि पुष्कळदा हाती काळा चिकट गाळ लागतो. तेच अझाइड रोडियम या धातूच्या चिमूटभर संयुगाबरोबर ठेवलं, तर कमी उष्णतेवर, शिस्तीत वायू सोडतं आणि हवा तो पदार्थ देतं. तांब्यानंही काम होतं, पण मिळणारा पदार्थ पुष्कळदा निराळा. आम्ल घातलं तर त्याहून वेगळी वाट. शाळेच्या पुस्तकात यांना उत्प्रेरक म्हणतात, आम्ही कॅटॅलिस्टच म्हणायचो. आणि लोखंड! साध्या गंजलेल्या पत्र्याचा कणसुद्धा न विचारता हे काम सुरू करून देऊ शकतो. म्हणून आमच्या शेडमध्ये लोखंडी चमचा आणायला बंदी होती, अगदी स्वयंपाकघरातलासुद्धा.

सॉल्व्हंटचंही तसंच. सॉल्व्हंट म्हणजे ज्यात आपण पदार्थ विरघळवतो ते द्रव. बाहेरच्यांना वाटतं की ते पाण्यासारखं असतं, पदार्थ त्यात बसला की झालं. पण तो भुकेला नायट्रीन पहिल्यांदा हात घालतो तो आजूबाजूच्या सॉल्व्हंटलाच. टोल्युइन बऱ्यापैकी बाजूला राहतं. अल्कोहोल मध्ये पडतं आणि स्वतःच त्याला चिकटतं, मग सगळी बॅच वेगळीच होऊन बसते. कुठलं सॉल्व्हंट घ्यायचं हे ठरवायला मला कधीकधी महिने लागायचे, आणि कंपनीचे मालक, आमचे शेठ, विचारायचे, मॅडम, पातळ करायला इतका वेळ?

एक गंमत सांगते म्हटलं होतं. हैदराबादहून एक डॉक्टरसाहेब आले होते, आमचे गिऱ्हाईक. आमच्या रिअॅक्टरमधून निघणारा नायट्रोजन एका काचेच्या भांड्यातल्या पाण्यातून बाहेर जायचा, आणि बुडबुडे मोजता येतील इतके सावकाश यायचे. साहेबांना धीर नव्हता. कॅटॅलिस्ट दुप्पट घाला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी काम संपेल, असं त्यांचं म्हणणं. वायूला बाहेर पडायला जागा आणि वेळ दोन्ही लागतात, हे मी तीनदा समजावलं. ते मला छापील संदर्भ दाखवत राहिले. शेवटी मी नवसूला फाटकाबाहेर पाठवलं आणि सकाळची ताडी आणायला सांगितली.

नवसू आमच्या शेडमधला ऑपरेटर. तसा ठेकेदाराचा माणूस, पण वर्षानुवर्षं आमच्याकडेच. त्यानं ताडीची बाटली आणली, माझ्या सांगण्यावरून झाकण घट्ट पिळलं आणि फाटकाबाहेरच्या ओट्यावर उन्हात ठेवली. मी साहेबांना लांब उभं केलं. चहा संपायच्या आत झाकण उडालं आणि ताडी पार भिंतीपर्यंत गेली. साहेबांनी कॅटॅलिस्टचा विषय पुन्हा काढला नाही. नवसू मात्र कितीतरी दिवस म्हणत राहिला की बाय, बाटली फुकट गेली. तो मला बाय म्हणायचा, बाकी सगळे मॅडम.

आता त्या दुपारकडे येते. त्याआधी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट एमडीसीची. मिथिलीन डायक्लोराइड नावाचं एक सॉल्व्हंट आहे, धंद्यातले सगळे त्याला एमडीसी म्हणतात. स्वस्त, उपयोगी, किंचित गोडसर वासाचं, पाण्यापेक्षा जड. इतर कामांत बिनधास्त वापरतात. पण आमच्याकडे अझाइड बनवताना सोडियम अझाइड नावाचं एक मीठ लागतं, आणि तयार माल धुतला की त्याचा थोडा अंश त्या धुवणाच्या पाण्यात उरतो. त्या मिठाची आणि एमडीसीची गाठ पडली, तर हळूहळू एक नवंच अझाइड तयार होऊ शकतं. फुटायला त्याला कॅटॅलिस्ट लागत नाही, ऊब लागत नाही. धक्का पुरतो. म्हणून आमच्या शेडमध्ये एमडीसीला मज्जाव होता. मी तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्याचा वास ओळखायला शिकवायची आणि सांगायची, हा वास इथे आला की सगळं सोडून बाहेर पळायचं.

दुसरी गोष्ट खडूची. आमची शेड दुमजली. रिअॅक्टरचं तोंड वरच्या मजल्यावर, आणि धुवणाचं पाणी खालच्या मजल्यावर ड्रममध्ये उतरायचं. म्हणून पॅसेजमध्ये येणाऱ्या ड्रमवर खडूनं लिहायची पद्धत होती. टोल्युइनचा भरलेला ड्रम असेल तर ‘वर’. धुवणाच्या पाण्यासाठी आणलेला असेल तर ‘खाली’. ही आमच्या शेडची रीत होती, मला ठाऊक होती, शेठना ठाऊक होती. आमच्याच कंपनीतल्या शेजारच्या शेडचे सुपरवायझर भरतभाई. ते उंबरगावकडचे, घरी गुजराती बोलणारे, फार सज्जन माणूस. तिकडचे सगळेच गुजराती-हिंदी बोलायचे, आणि तिकडे ड्रम उपसून झाला की त्यावर ‘खाली’ लिहायचे, म्हणजे ड्रमवाल्याच्या टेम्पोला कळावं की हा रिकामा, हा न्यायचा. दोन्ही शेडींत आपापली रीत सुखानं चालली होती, कारण दोन्ही शेडींचे ड्रम कधी एकत्र येत नव्हते.

मग शेठना एक मोठी ऑर्डर मिळाली. शेजारच्या शेडमध्ये जागा हवी म्हणून तिथले उपसलेले ड्रम आमच्या पॅसेजमध्ये आणून उभे केले. मला कुणी विचारलं नाही. मी त्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत होते, आणि ती शेड कशावर चालते ते सगळ्यांना माहीत होतं. ती एमडीसीवर चालायची.

दुपारी मी नमुना घ्यायला खालच्या मजल्यावर गेले आणि दारातच थबकले. गोडसर वास. समोर नवसू, धुवणाचं पाणी ड्रममध्ये सोडलेलं, ड्रम अर्ध्याच्या वर भरलेला. त्याला सर्दी झाली होती, नाकावर मास्क होता, वास त्याला आलाच नव्हता. ड्रमच्या अंगावर खडूनं लिहिलं होतं, ‘खाली’. उपसलेल्या ड्रमच्या तळाशी तांब्याभर द्रव राहतंच, ते कधीच पूर्ण निघत नाही. ते तळाशी बसलं होतं आणि त्यावर आमचं पाणी.

मी हळू आवाजात म्हटलं, नवसू, वाल्व्ह बंद कर, ड्रमला हात लावू नको, आणि माझ्याबरोबर बाहेर चल. त्यानं एक शब्द विचारला नाही. शेड रिकामी केली, आजूबाजूचीही केली, रस्ता दोरीनं अडवला. बाहेरून तज्ज्ञ आले आणि त्यांनी तो ड्रम जागेवरून न हलवता, लांबूनच निकामी केला. तोवर आम्ही सगळे पलीकडच्या माळावर उभे होतो. नवसू माझ्या शेजारी उभा राहून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. भरल्यावर तो ड्रम त्यानं सरकवला असता, गडगडत नेला असता, तर काय झालं असतं हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. त्याला ते कळलेलं होतं.

काही झालं नाही. कुणाला खरचटलं नाही, काच तडकली नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच त्याचा विनोद होऊ शकला. कुणी मेलं असतं तर त्या व्याख्यात्यानं हाच किस्सा डोळे पुसत सांगितला असता.

मग चौकशी. शेठ, मुंबईहून बोलावलेले एक सल्लागार, भरतभाई आणि मी खुर्च्यांवर. नवसू उभा. मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, तर तो बसेना आणि कुणी बस म्हणेना. सल्लागारांनी पहिल्यांदा ‘कामगाराची बेपर्वाई’ असं ठरवूनच टाकलं होतं. मग त्यांना ‘खाली’ची भानगड कळली आणि माणूस एकदम खूश झाला. एक शब्द, दोन भाषा, दोन अर्थ! त्यांनी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेठ हसले. भरतभाई कसंनुसं म्हणाले की मी तर बरोबर लिहिला ने, खाली एटले रिकामा. सल्लागारांनी उपायही सांगून टाकला, इथून पुढे ड्रमवर इंग्रजीत ‘एम्प्टी’ लिहायचं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या कामावर ठेवायचं नाही.

सगळ्यांना सोयीचं होतं ते. भाषेनं घोटाळा केला म्हटलं की शेठनी ड्रम कुठे ठेवले हा प्रश्नच उरत नव्हता. भाषेला कुणी नोटीस देत नाही. आणि जो राहिला त्या दोन अर्थांच्या मधोमध उभा, त्याच्या डोक्यावर खापर फुटणार होतं. मी ऐकत होते, चिडत होते, आणि एकाएकी मला त्या सगळ्यातली फट दिसली.

मी म्हटलं, “साहेब, ‘खाली’चा अर्थ खालचा मजला घ्या. नवसूनं ड्रम खाली नेला आणि भरला. आता अर्थ रिकामा घ्या. धुवणाचं पाणी भरायला ड्रम हवाय आणि समोर रिकामा म्हणून लिहिलेला ड्रम आहे. तर त्यानं काय केलं असतं?”

उत्तर मीच दिलं.

“तोच नेला असता आणि तोच भरला असता. तुमच्या मराठीत वाचा, गुजरातीत वाचा, उद्या इंग्रजीत वाचा. दर वेळी तो ड्रम भरलाच जाणार. चूक वाचणाऱ्याची नाही. तो ड्रम रिकामा नव्हता.”

भरतभाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी जे म्हटलं त्यासाठी मी त्यांना जन्मभर मान देईन. शेठसमोर, नोकरीची पर्वा न करता, ते हळूच म्हणाले, “साची वात छे, मॅडम, खरं आहे. खाली नव्हता ने तो.”

सल्लागारांनी चष्मा पुसला. शेठनी चहा मागवला. आणि चहाबरोबर तोडगा निघाला. ‘बेपर्वाई’ हा शब्द काढायचा, त्याजागी ‘कामगाराचा गैरसमज’ घालायचा, आणि नवसूनं आपला गैरसमज झाला असं कबूल करून सही करायची. बस, विषय संपला. मॅडम, तुमचंही समाधान, आमचंही काम.

नवसू सही करायला आत जाण्याआधी पॅसेजमध्ये माझ्याजवळ आला. त्यानं विचारलं, “बाय, मी वाचला ता बरोबर का चूक?”

माझ्यासमोर दोन उत्तरं होती. एकात त्याची भाकरी होती. मी म्हटलं, “बरोबर वाचलंस.”

तो आत गेला आणि म्हणाला, मी सही नाय करत.

त्याला कामावरून काढलं नाही. काढलं असं कुठेही कुणी म्हणणार नाही. ठेकेदाराला फक्त सांगितलं गेलं, उद्यापासून याला पाठवू नको. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचं नाव पुकारलं नाही, इतकंच. मी शेठकडे जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले की तो ठेकेदाराचा प्रश्न आहे, आपण त्यात कसं पडणार? आमच्या पॅसेजमध्ये भिंत घालायला लावली मी, एमडीसीचे ड्रम आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला नेले, हे सगळं त्यांनी लगेच केलं. भिंत बांधणं सोपं असतं. नवसूला परत आणणं मला जमलं नाही, आणि त्या कंपनीत पुढे मिळालेल्या प्रत्येक शाबासकीत मला ते बोचत राहिलं.

तर तलासरीच्या त्या सभागृहात मी उठून उभी राहिले. माइक कुणी दिला नाही, पण माझा आवाज पुरेसा आहे. मी विचारलं, तो ड्रम रिकामा होता का? व्याख्याता गोंधळला. म्हणाला, मॅडम, तो नुसता किस्सा आहे, वातावरण जरा हलकं करायला. मी म्हटलं, किस्सा पुरा सांगा, मग बघू किती हलकं होतं. मी पुरा सांगितला. काही जण गंभीर झाले. काही जण चहाच्या दिशेनं सरकले. निघताना एक ओळखीचा मॅनेजर म्हणाला, तुम्ही अजून तशाच आहात हं. हे कौतुक होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि कैनाडला गेले. नवसूचं नाव छापायचं तर त्याला विचारायला हवं होतं. तो आता आपली भातशेती करतो आणि हंगामात चिकूच्या वाडीत जातो. केस पिकलेत, पण ताठ आहे. त्याच्या पाड्यात शिरताना मी पाहिलं, जवळजवळ प्रत्येक दारात पाण्यासाठी एकेक निळा ड्रम. कारखान्यातले उपसलेले ड्रम भंगारवाल्याकडून बाजारात येतात आणि बाजारातून घरोघर. एकावर तर खडूचा पुसट ‘खाली’ अजून दिसत होता.

नवसूच्या दारात ड्रम नव्हता. मातीचे डेरे आणि पितळी हंडे होते. त्याची बायको लखमी पाण्याचा हंडा उतरवत होती. तिनं मला बसायला खाट दिली आणि लगेच तक्रार केली की सगळ्यांच्या दारात ड्रम आहे, एकट्या आमच्याच दारात नाही. हा आणूच देत नाही, आणि शेजाऱ्यांनाही ते ड्रम वापरू नका म्हणून सांगत फिरतो, तर ते याला हसतात. विहीर काय जवळ आहे का, तूच सांग बाय, असं म्हणून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

मी नवसूला सभागृहातली हकिकत सांगितली. लोक हसले तेही सांगितलं, लपवलं नाही. मग म्हटलं, आता मी हे दिवाळी अंकात लिहिते आहे, तुझ्या नावासकट. चालेल का?

तो म्हणाला, “लिही, बाय. पन ड्रम खाली होता असा नको लिहू.”

“नाही लिहिणार.”

“रिकामा होता असा पन नको लिहू.”

“मग काय लिहू?”

“आत काय होता, ता लिही. तवा कोनी तेवढा लिहिला असता, त मना कोनी हसला नसता.”

आत मिथिलीन डायक्लोराइड होतं. तांब्याभर.